आप्पांचा जबाब

आमचे आप्पा देवाला हात जोडत नसत. सॅल्यूट ठोकत. सोनारीच्या भैरवनाथाच्या देवळात पहाटे उंबऱ्याशी उभं राहायचं, धोतराचा सोगा नीट करायचा, टाचा जुळवायच्या आणि उजवा हात कपाळाला असा लावायचा की शेजारी उभ्या असलेल्या माणसाची छातीही आपोआप ताठ व्हावी. गावाला याची सवय झाली होती, पण यात्रेला आलेली परगावची माणसं दचकत. कुणी विचारलंच तर आप्पांचं उत्तर ठरलेलं. "काळभैरव म्हणजे देवांचा कोतवाल. म्हणजे आमच्याच खात्यातला, आन् माझा वरिष्ठ. वरिष्ठाला हात जोडलेले चालत न्हाईत." हे ते थट्टेनं म्हणत की मनापासून, हे मला आजवर उलगडलेलं नाही. सॅल्यूट झाला की मात्र तिथंच मांडी घालून बसत आणि भैरवाची दोन पदं म्हणत, आणि दुसऱ्या पदाला त्यांचे डोळे हमखास ओले होत.

शिपाई म्हणून खात्यात लागलेले आप्पा फौजदार होऊन रिटायर झाले आणि आम्ही आमच्या मूळ गावी, सोनारीला, राहायला आलो. मी तेव्हा पंधरा वर्षांची. बैलगाडीतून सामान उतरत होतं तेव्हा अर्धी गल्ली बघायला जमली होती. एवढी वर्षं फौजदारकी करून माणूस काय काय घेऊन आला, हे लोकांना पाहायचं होतं. निघालं काय, तर भांड्यांचं एक पोतं, एक लोखंडी ट्रंक, आईचं जातं आणि गोधडीत गुंडाळलेली पेटी. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्याकडं तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नाही. "एवढंच व्हय?" शेजारची म्हातारी तोंडावर म्हणाली. आई कमरेला पदर खोचत म्हणाली, "एवढंच. आन् वर हे एक." आप्पा तोवर पेटी उराशी धरून घरात शिरले होते, आणि पावसात भिजलेलं मूल तपासावं तशी तिची एकेक पट्टी दाबून बघत होते.

आमचं घर दोन भात्यांच्या आवाजानं जागं व्हायचं. ओसरीवर आप्पांच्या पेटीचा भाता आणि आत चुलीपुढं आईची फुंकणी. मग पत्र्यावर धाडधाड पावलं वाजायची, म्हणजे देवळाकडची माकडं नाष्ट्याला आली. सोनारीत माणसांपेक्षा माकडांचा रुबाब मोठा. ती भैरवाची, म्हणून त्यांना कुणी काठी उगारायची नाही. आप्पांनी त्यावर तोड काढली होती. खात्यातली जुनी शिट्टी गळ्यात अडकवलेली असे, ती एकदा फुंकली की माकडं पत्र्यावरून कडुलिंबावर जात आणि तिथून आप्पांकडं तक्रारीच्या सुरात बघत बसत. आई तव्यावर धपाटं टाकायची, वर दह्याचा गोळा आणि शेंगदाण्याची चटणी. थंडीत हुलग्याचं माडगं असायचं, वाटीला हात शेकत प्यायचं. आज धाराशिवात माझी सून तसलंच माडगं करते, चांगलं करते, पण गॅसवरच्या माडग्याला धुराचा वास नाही म्हणून मी रोज कुरकुरते आणि रोज दोन वाट्या पिते.

पेटी मला आप्पांनीच शिकवली, आणि परेडसारखी शिकवली. सूर चढताना "आगे बढ", उतरताना "पीछे मुड", चुकलं की "जैसे थे". आत्या एकदा म्हणाली, "दादा, पोरीच्या जातीला पेटी कशाला? सासरी काय रेटायची का ती?" आप्पा म्हणाले, "सासरी चूल रेटायचीच हाय. एक गोष्ट तिच्या आवडीची असू दे." पहाटे ते गात आणि मी साथीला बसे. आप्पांचा आवाज काही फार गोड नव्हता. भरदार होता, थोडा खरखरीत. पण गाताना हा माणूस इतका उघडा व्हायचा की ज्यांना त्यांनी आयुष्यभर कोठडीत घातलं त्यांनी हे बघितलं असतं तर त्यांची भीतीच मोडली असती. त्यांच्या आवाजाच्या मागं मागं जाण्याची माझ्या बोटांना इतकी सवय झाली की ते कुठल्या शब्दावर श्वास घेणार हे मला आधी कळायचं.

गावातल्या भजनी मंडळाचे आप्पा साहजिकच पुढारी झाले, आणि साहजिकच त्यांनी मंडळाचं पोलीस ठाणं करून टाकलं. रोज दिवेलागणीला आमच्या ओसरीवर सराव; आधी हजेरी. "दत्तू शिंपी!" "हजर!" "किसन गुरव!" "हजर, साहेब!" दत्तूमामा मंडळाची पेटी वाजवायचे, दिवसभर शिलाई मशीन चालवून त्यांचा पाय पेटीपुढंही नकळत हलत राहायचा. किसन गुरव देवळातल्या पुजाऱ्याचा थोरला, पंचविशीतला, गळा देवानं दिलेला. पण आप्पा पुढं म्हणत आणि किसन मागं, टाळकऱ्यांत. उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणून सगळ्यांचे टाळ चिंचेनं घासायला लागत. लोक कुरकुरत आणि वेळेवर येत. मंडळात बाया नव्हत्या. मी आत दाराशी बसून ऐकायची.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास एक गोष्ट मला कळली. आप्पांचा सूर उतरायला लागला होता. पद सुरू करताना बरोबर काळी दोनला लागायचा, पण तिसऱ्या कडव्यापर्यंत घसरत घसरत पांढरी दोनवर यायचा. म्हणजे अर्धा सूर खाली. ज्याला गाण्यातलं काही कळत नाही त्यालाही पेटी एकीकडं आणि गाणारा दुसरीकडं हे जाणवतंच. आप्पांना जाणवत नव्हतं. मी पहिल्या दिवशी थांबले, वाटलं घसा बसलाय. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग तिसऱ्या दिवशी मी काय केलं, तर ते घसरले तशी मीही गुपचूप पट्टी बदलली आणि त्यांच्याबरोबर खाली आले. पद संपल्यावर आप्पा खूश होऊन म्हणाले, "आज लागलं बघ, शके!" आता त्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? रोज पहाटे मी त्यांच्याबरोबर अर्धी पायरी खाली उतरायला लागले.

मंडळात मात्र बिचाऱ्या दत्तूमामांवर संक्रांत आली. त्यांना अशी पट्टी बदलता येत नव्हती. आप्पा भर सरावात थांबून म्हणायचे, "दत्तू, तुझी पेटी चढती रं!" पेटी तपासायला बार्शीला गेली. कारागिरानं बघून परत पाठवली, पेटीत दोष नाही. आप्पा म्हणाले, कारागीर लबाड आहे. पेटी पुन्हा बार्शीला गेली. या खेपेला कारागीर वैतागून म्हणाला, दमट हवेनं होत असेल काहीतरी, मला विचारू नका. पेटी परत आली, आप्पांचा सूर तसाच उतरला, आणि एक दिवस दत्तूमामा मागच्या दारानं आमच्या परसात आले. हातात माझ्या परकराचं शिवणकाम, डोळ्यांत पाणी. "शकूबाई, पहाटं म्या देवळाला जाताना ऐकतो. तू फौजदारांच्या मागं बरोबर जाती. मला शिकीव गं."

पन्नाशीचे दत्तूमामा आठ दिवस परसातल्या बाजेवर बसून माझ्याकडून शिकले. पण बोटं ऐकेनात. तेवढ्यात बातमी आली की चैत्रातल्या यात्रेत भैरवाच्या रथापुढं पद म्हणायचा मान यंदा आमच्या मंडळाला. हा मान आळीपाळीनं फिरतो. आप्पांनी लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून रथापुढचं पद ऐकलेलं. नोकरीत असताना दरवर्षी त्यांच्या वाट्याला यात्रेचा बंदोबस्त, कधी या गावचा, कधी त्या. "आता गाईन आन् मग मरीन," असं ते म्हणाले आणि आईनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला. इकडं मंडळाच्या तोंडचं पाणी पळालं. दहा गावांची भजनी मंडळं रथापुढं कान टवकारून उभी असतात. तिथं सूर उतरला तर फौजदाराचं हसं होईल, आणि सांगितलं तर फौजदार मोडेल. सांगणार कोण? ज्या माणसाला आयुष्यभर गावोगावचे खबरे येऊन कानात सांगत, त्याला त्याच्याच कानाची खबर द्यायला एक माणूस पुढं होईना.

मग सगळ्यांनी मिळून कट केला. दत्तूमामांनी बोटाला चिंधी बांधली, मशीनची सुई लागली म्हणून. "सरावापुरतं शकूबाईला बसू द्या," असं त्यांनीच सुचवलं. आप्पांनी मान डोलावली. मी पेटीवर बसले आणि आप्पांच्या मागं अलगद उतरले. माझ्याबरोबर किसन उतरला, किसनाबरोबर सगळे. रथाच्या दिवशी काय करायचं ते भैरव बघून घेईल, असं म्हणून आम्ही रोज आप्पांना फसवत राहिलो, आणि आप्पा रोज खुलत राहिले. खोटं कशाला सांगू, मला त्या कटाची मजाही वाटत होती. पहिल्यांदाच मी दाराआडून बाहेर, सगळ्यांच्या मधोमध बसत होते.

पण कान गेला तरी फौजदाराची नजर कुठं जाते? यात्रेला चार दिवस उरले असताना आप्पा पद म्हणता म्हणता मध्येच थांबले. माझ्या बोटांकडं बघत होते. "शके, सुरू करताना बोटं काळीवर हुती. आता पांढरीवर कशी आली?" मी बोटं मांडीवर घेतली. दत्तूमामा बोटाची चिंधी नीट करायला लागले. आप्पांनी हात वर करून सराव थांबवला आणि म्हणाले, "उद्या सकाळी सगळ्यांनी एकेकट्यानं यायचं. जबाब हुतील."

आणि खरोखर झाले. ओसरीवर ट्रंक आडवी टाकून तिचं टेबल केलं, चष्मा लावला, कागद घेतले. बाकीच्यांना कडुलिंबाखाली, एकमेकांपासून लांब बसवलं, म्हणजे बोलता येऊ नये. माकडं वरून बघत होती. मी आत भाकरी थापत कान लावून होते. पहिला किसन. "बोटं का बदलली?" किसन म्हणाला, "दमट हवेनं पेटी चढती साहेब, म्हणून पोरगी पट्टी बदलती." आप्पांनी लिहून घेतलं. दुसरा आला. "दमट हवेनं पेटी चढती साहेब, म्हणून पोरगी पट्टी बदलती." तिसरा, चौथा, पाचवा, सगळ्यांचा तोच जबाब, शब्दाला शब्द. शेवटी दत्तूमामांनीही तेच म्हटलं, तेव्हा आप्पांनी पेन खाली ठेवलं. "दत्तू, चैत्रात? सोनारीत? हितं ओठ फुटायलेत मर्दा, आन् तुझ्या पेटीला दमट हवा लागती?" आईला आत हसू आवरेना. आप्पा म्हणाले, "तीस वर्षं जबाब घेतलेत म्या. खरं बोलणारे सात जण सात परीनं सांगत्यात. पढवलेलेच एका सुरात बोलत्यात." आणि मग आत बघून हाक मारली, "शके, बाहेर ये."

मी पिठाच्या हातानंच बाहेर गेले. त्यांनी रीतसर लिहिलं, नाव, वय, धंदा शिक्षण, राहणार सोनारी. मग वर बघितलं. मला एवढंच कळत होतं की आता जे मी बोलेन त्यानं यांचं रथापुढचं पद जाणार आहे. पण त्या माणसापुढं खोटं बोलायची ताकद माझ्यात कधीच नव्हती. "आप्पा, तुमचा सूर उतरतो. काळी दोनला लागतो, तिसऱ्या कडव्याला पांढरी दोनवर येतो. पेटीत दोष न्हाई. तुमाला ऐकू कमी येतंय." ते शब्द न् शब्द लिहीत होते. "कधीपासनं?" "दिवाळीपासनं." "पट्टी बदलायला कुणी सांगितलं?" "कुणीच न्हाई." "मग का बदलली?" मला रडू फुटलं. "तुमी गाताना इतकं खूश असता, आप्पा. ते मोडू ने वाटलं." त्यांनी तेही लिहिलं. वाचून दाखवलं, माझी सही घेतली, आणि सहीखाली पिठाचा अंगठा उमटला तो टिपकागदानं अलगद टिपला. "जा," म्हणाले, "भाकरी करपती."

तेवढ्यात आई बाहेर आली. कमरेवर हात. "आता निघालंच हाय तर माझाबी जबाब घ्या. चार वर्षं झाली मी तुमच्याशी वरडून बोलते. सगळी गल्ली म्हणती फौजदारीण भांडखोर हाय. तुमास्नी ऐकू जात न्हाई म्हणून वरडते हो मी!" आप्पांनी चष्मा काढला. "मला वाटलं," ते हळूच म्हणाले, "तुझा सोभाव बदलला." आई जी हसायला लागली ती पदर तोंडात घालूनही थांबेना, आणि मग तिथंच ट्रंकेशी बसून रडायला लागली. ऐन नोकरीत गोळीबाराच्या सरावाला वर्षानुवर्षं उघड्या कानांनी उभं राहण्याचं हे फळ, असं नंतर बार्शीच्या डॉक्टरनं सांगितलं. आप्पा दोन दिवस गायले नाहीत. पहाटे देवळात जात, सॅल्यूट ठोकत आणि परत येत. भाता वाजत नव्हता तर घरात माकडांचाच आवाज राहिला, आणि मला वाटायचं, मीच त्यांचा गळा दाबला.

यात्रेच्या दिवशी उन्हं कलली आणि रथापुढं मंडळं गोळा झाली. गुलाल, ढोल, "भैरवनाथाच्या नावानं चांगभलं" असा गजर. आप्पा इस्त्रीचं धोतर नेसून आले. त्यांनी आमच्या मंडळाला एका रांगेत उभं केलं, हजेरी घेतली आणि खड्या आवाजात हुकूम काढला. "पद किसन गुरव म्हणेल. पेटीवर माझी लेक बसेल." किसननं टाळ शेजारच्याच्या हातात दिले. गावचे वडीलधारे बापू काठी आपटत पुढं आले. "फौजदार, रथापुढं बाईमाणूस? आजवर झालं न्हाई." आप्पांनी कानामागं हात धरून ते पुन्हा विचारून घेतलं, मग गाभाऱ्याकडं बोट दाखवलं. "बापू, कोतवाल आत बसलाय. हरकत असंल तर त्याच्याकडं लेखी द्या." आजूबाजूचे हसले, बापूही हसले, आणि दत्तूमामांनी आपली पेटी स्वतः उचलून माझ्यापुढं आणून ठेवली. त्यांच्या बोटाची चिंधी सुटली होती आणि आत खरचटलेलंसुद्धा नव्हतं.

किसन काय गायला म्हणून सांगू! काळी दोनला लागला तो शेवटपर्यंत तसूभर हलला नाही. माझी बोटं पहिल्यांदा थोडी बावरली, घसरणाऱ्या आवाजाच्या मागं जायची सवय लागलेली ना; मग ठरली. समोर दहा गावांची माणसं, आणि मधल्या जागेत आप्पा. पण आप्पा आमच्याकडं पाठ करून उभे होते. अख्खं पद होईपर्यंत, गर्दीकडं तोंड, हात मागं बांधलेले, बंदोबस्ताला उभं राहावं तसे. एकदाही वळून त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. पद संपलं, गजर झाला, लोकांनी गुलाल उधळला, आईनं मला मिठी मारली, आणि मी आपली त्या पाठीकडं बघत होते. माझी ती आनंदाची घटका होती आणि तिला तेवढा एक काटा राहिला. वाटलं, त्यांना बघवलं नसेल.

तसं म्हणाल तर नंतर सगळं गोडच झालं. दुसऱ्याच पहाटे ओसरीवर भाता वाजला. "बस," आप्पा म्हणाले, "मी उतरीन तिथं ये. आता लपूनछपून न्हाई." पुढं लग्न होईपर्यंत रोज, आणि नंतर माहेरी आले की दर वेळी, ते घसरत आणि मी मागं जात असे, आणि दोघंही हसत असू. मंडळात ते टाळ वाजवत, किसनला पढवत आणि हजेरी घेत. बापूंची नात मंडळात आली, मग आणखी दोघी. मी पुढं शाळेत संगीत शिकवलं, तीसेक वर्षं. पोरं चुकली की माझ्या तोंडून अजून "जैसे थे" निघतं. पण त्या पाठीबद्दल मी आप्पांना कधी विचारलं नाही. भीती वाटायची की ते खरं सांगतील.

आप्पा गेल्यावर तेराव्यानंतर आईनं ट्रंक उघडायला लावली. वर गणवेशाचा पट्टा, शिट्टी. तळाशी सुतळीनं बांधलेले ते जबाब, सगळे. दमट हवेचे सहा. त्याखाली माझा, पिठाचा डाग पिवळा पडलेला. आणि माझ्या जबाबाखाली आणखी एक, जो मी कधी बघितला नव्हता. अक्षर आप्पांचंच. मी तो आईला मोठ्यानं वाचून दाखवला. म्हणजे सुरुवात मी केली, शेवट तिला चष्मा लावून स्वतःच वाचावा लागला.

"मी, वय साठ, धंदा भजन, राहणार सोनारी, भैरवनाथ कोतवाल यांचे समक्ष जबाब देतो की, आज रोजी रथापुढे माझी मुलगी पेटी वाजवीत असता मला त्यातले काही एक ऐकू आले नाही. सबब मी तिच्याकडे न बघता समोरील इसमांची तोंडे पाहत उभा राहिलो. प्रथम कडव्यास लोक बोलत होते. दुसऱ्या कडव्यास गप्प झाले. तिसऱ्या कडव्यास बापू डोळे पुसताना दिसले. त्यावरून सूर जागेवर असल्याबद्दल माझी खात्री झाली. वरील जबाब माझे सांगण्याप्रमाणे बरोबर व खरा आहे."